शुभेच्छुक इंगेबोर्गताई

माझी बहीण शलाका नाल्यावर संशोधन करते. लग्नाची स्थळं यायची तेव्हा आम्ही हे सांगायचो नाही. आता सांगायला हरकत नाही.

वालधुनी ही खरं तर नदी आहे, पण तिला नदी म्हटलं की लोक आधी आपल्याकडे बघतात, मग तिच्याकडे. अंबरनाथला तिचा रंग एक असतो, उल्हासनगरला पोचेपर्यंत दुसरा होतो. ताईने त्या पाण्यात एक जिवाणू शोधला. बाकीचे जिवाणू त्या पाण्यात पडले की मरतात, हा तिथे जेवतो. साबण, रंग, आम्ल, जे येईल ते. "जो या नाल्यात जगला तो कुठेही जगेल," असं तिचं म्हणणं. हेच वाक्य तिने इंग्रजीत लिहिलं तेव्हा त्याची चाळीस पानं झाली आणि ती परदेशातल्या एका मासिकात छापून आली. आईने ते मासिक देवघरात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. मुखपृष्ठावर जिवाणूचाच फोटो होता, त्यामुळे काही दिवस आमच्याकडे त्याची पूजा होत होती.

मग एका दुपारी ताईला डेन्मार्कहून फोन आला.

पाण्याच्या शास्त्रासाठी लिंडेगार्ड पारितोषिक नावाचं एक फार मोठं पारितोषिक असतं. नोबेल ज्या देशात देतात त्याच्या शेजारच्या देशात हे देतात, असं मी लोकांना सांगतो. पत्ता सांगितला की आपल्याकडे विश्वास बसतो. यंदाचं पारितोषिक ताईला होतं. त्याबरोबर तिच्या कॉलेजला एक अख्खी प्रयोगशाळा. सध्या तिची प्रयोगशाळा म्हणजे बदलापूरच्या कॉलेजातली जिन्याखालची खोली, तिथे गॅदरिंगचं सामानही ठेवतात. तिचे जिवाणू आणि रावणाची डोकी एकाच कपाटात असतात. कपाटाची किल्ली नाटकवाल्यांकडे असते. त्यामुळे गॅदरिंगच्या दिवसांत विज्ञान बंद.

फोन करणाऱ्या बाई समितीच्या अध्यक्ष होत्या, प्रोफेसर इंगेबोर्ग क्रिस्टेन्सेन. त्यांनी एकच अट घातली. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी जाहीर होईपर्यंत कुणाला कळता कामा नये. कळलं, तर समिती निर्णयाचा पुन्हा विचार करेल.

ताईने ते फक्त आईला आणि मला सांगितलं. आईने फक्त देवाला सांगितलं. बाबांना अजिबात सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण आमचं घर वन बीएचके आहे. तिथे देवाला सांगितलेलं बाबांना ऐकू जातं.

आता बाबांबद्दल. हिंदुराव निकम. कारखान्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून पूर्णवेळ शुभेच्छुक आहेत. आमच्याकडच्या फ्लेक्सची एक रचना ठरलेली असते. मधोमध सत्कारमूर्ती, वर नेते, आणि अगदी खाली शुभेच्छुकांची ओळ, पासपोर्ट साइजच्या फोटोंची. बाबा त्या ओळीत राहतात. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची मुलगी सीए होवो, कुणाची नवीन जिम निघो, खाली डावीकडून तिसरे आमचे बाबा. एकदा घाईघाईत ते श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरही शुभेच्छुक होते. त्या घराशी आमचं बोलणं बंद आहे.

"बाबा, हे बाहेर कळलं तर ताईचं पारितोषिक जाईल," मी त्यांना बजावून सांगितलं.

"मी काय लहान आहे?" बाबा म्हणाले. "पोरीच्या भल्याचं मला कळत नाही?"

शनिवारी मी मित्राच्या लग्नाला शहाडला गेलो होतो. परत येताना शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या नाक्यावर रिक्षा थांबली आणि मला माझी बहीण दिसली. ती दहा फूट उंच होती.

*अंबरनाथची शान, नाल्याचा अभिमान! भावी लिंडेगार्ड विजेत्या डॉ. शलाकाताई हिंदुराव निकम यांचे हार्दिक अभिनंदन!*

खाली शुभेच्छुक. आमच्या बिल्डिंगचे शंकरराव देवरुखकर. दूध घालणारे बुधाजी भोईर. तिसरे बाबा. आणि चौथ्या चौकटीत पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या, मंद हसणाऱ्या इंगेबोर्गताई क्रिस्टेन्सेन (डेन्मार्क).

वाईट याचं वाटलं की डिझाइन चांगलं नव्हतं. मी स्वतः उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, सिंधी मालक धर्मेशभाईंच्या दुकानात फ्लेक्स डिझाइन करतो. बाबांनी नेमका माझ्या सुट्टीचा दिवस गाठून ऑर्डर दिली होती. धर्मेशभाईंना फोन केला तर ते म्हणाले, "साईं, तेरे पप्पा बोले सरप्राइज है. मैंने बोला चलो, मैं खुद बनाता हूँ." त्यामुळे ताईच्या मागे स्वित्झर्लंडचे डोंगर होते.

घरी येऊन मी बाबांना विचारलं, "हे काय केलंत?"

"काय केलं? भावी लिहिलंय ना."

"मग?"

"मग भावी म्हणजे अजून झालेलं नाही. गुप्तता पाळलीय." बाबा शांतपणे शेंगा सोलत होते. "तो जाधवांचा पोरगा मी कारखान्यात होतो तेव्हापासून भावी नगरसेवक आहे. त्यावरून कुणाला काही कळलं का? भावी म्हटल्यावर कुणी लक्षच देत नाही."

मी त्यांच्यापुढची एक शेंग उचलून सोलली.

"आणि त्या बाई? त्यांचा फोटो कशाला?"

"अध्यक्ष आहेत त्या. सगळ्यांचे फोटो लावायचे आणि अध्यक्षांनाच वगळायचं? उद्या म्हणतील, निकमांनी आम्हाला डावललं."

"त्यांना हे कळलं तर?"

"कळलंय की," बाबा म्हणाले. "फोटो पाठवला त्यांना. ज्याचं नाव फ्लेक्सवर, त्याला फोटो पाठवायचा, ही पद्धतच आहे. वेबसाइटवर पत्ता होता. खाली लिहिलं, आपला नम्र, हिंदुराव निकम."

ताई आतल्या खोलीतून बाहेर आली, खाली गेली, आणि नाक्यावरचा फ्लेक्स स्वतः उतरवून, गुंडाळून घरी घेऊन आली. तो पलंगाखाली मावला नाही म्हणून पाय बाहेर राहिले. म्हणजे फ्लेक्सवरच्या तिचे.

डेन्मार्कमध्ये रविवारी कुणी काम करत नाही असं म्हणतात. इंगेबोर्गताईंनी केलं. दुपारी व्हिडिओ कॉल आला. ताईने मोबाईल पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवला. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने जमिनीवर बसलो.

"शलाका, मी एका फलकावर आहे," इंगेबोर्गताई इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्याजवळ मिशा असलेले एक गृहस्थ आहेत. ते कोण?"

"बुधाजी भोईर. जांभूळ गावचे. दूध घालतात."

"त्यांचा पाण्याच्या क्षेत्राशी काही संबंध?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. तिने नाही म्हणून सांगितलं.

मग ताईने खुलासा केला. ही बातमी नाही, ही आमच्याकडची पद्धत आहे. माणसाला जे मिळावं असं घरच्यांना वाटतं, ते आधी फ्लेक्सवर लिहून टाकतात. त्याला भावी म्हणतात. फलक पारितोषिकाचा नव्हे, आशेचा आहे.

"म्हणजे असे फलक इतरांचेही असतात?"

"असतात."

"शास्त्रज्ञांचे?"

ताईने मोबाईल पिंपाला नीट टेकवला. "सगळ्यांचे."

"फार सुंदर पद्धत आहे," इंगेबोर्गताई म्हणाल्या. "पण मी शास्त्रज्ञ आहे. मला पुरावा लागतो. आमचे मुंबईतले सहकारी बुधवारी येऊन प्रत्यक्ष पाहतील. पद्धत असेल, तर आमचं काही म्हणणं नाही. नसेल, तर..."

'तर'च्या पुढे त्यांनी नेटवर्कला बोलू दिलं.

मला वाटलं ताई रडेल. ताई पिंपाकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "कंट्रोल ग्रुप पाहिजे."

"म्हणजे?"

"एक फलक असला की ती घटना असते. चाळीस असले की ती पद्धत असते. विन्या, बुधवारपर्यंत भावी नोबेलवाले किती होतील?"

सोमवारी सकाळी मी धर्मेशभाईंना, कुणाला न सांगण्याच्या अटीवर, सगळं खरं सांगितलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "चालीस नोबेलवाले? इधर?"

"भावी."

"हां, भावी तो कोई भी होता है." त्यांनी मशीन सुरू केलं. "लेकिन साईं, डोंगर मैं डालूंगा."

माणसं कमी पडतील अशी मला भीती होती. पहिले गेलो शंकरराव देवरुखकरांकडे. शंकरराव वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात. खड्डे, लोडशेडिंग, मराठी सिरियलमधले दागिने, कशावरही. मी म्हटलं, "काका, तुमचा साहित्याच्या नोबेलचा फ्लेक्स करतोय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"शेवटी," ते म्हणाले.

"भावी आहे, काका."

"हो रे, ते औपचारिक झालं. कोटातला फोटो देतो."

गयाबाई स्टेशनबाहेर भाजी विकते. तिचा आवाज कानसईपर्यंत जातो. तिच्यासाठी मी शांततेचं नोबेल धरलं होतं.

"शांततेचं?" गयाबाईने जुडी आपटली. "मी काय भांडत नाय काय कुणाशी? ह्या कोथिंबीरवाल्याला इचार. चार माणसांत माझी काय राहील? दुसरं काय हाय?"

"केमिस्ट्री आहे."

"ते दे. माझ्या लोणच्याला बुरशी लागत नाय. मिठाचं गणित हाय त्यात, कुणाला सांगत नाय मी."

बुधाजी भोईर दूध घालायला आले तेव्हा त्यांना जिन्यातच गाठलं.

"मना कनचा देताव?"

"फिजिक्स उरलंय, दादा."

"त्ये काय असतं?"

"वस्तू खाली का पडते, पडली की वर का येत नाही, असलं."

बुधाजींनी विचार केला. "म्हस बसली का उठत नाय. त्ये यात येतं का?"

"येतं."

"मग चालंल."

दुपारपर्यंत बातमी फिरली होती आणि मला कुणाकडे जायची गरजच राहिली नाही. बुधाजींना फिजिक्स दिलं हे कळल्यावर रिक्षा स्टँडवरचे बबनराव दुकानात आले. "म्हशीवाल्याला फिजिक्स? वळणावर ब्रेक न मारता रिक्षा कोण काढतो, तो का मी?" त्यांनाही फिजिक्स दिलं. त्यांच्या मागोमाग अख्खा स्टँड आला. दातांचे दोन डॉक्टर आले, त्यांना वैद्यकशास्त्र हवं होतं पण एकत्र नको होतं. एका गृहस्थाने तर बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भावीऐवजी माजी लिहिता येईल का? भावीला फार वाट बघावी लागते हो. माजी म्हणजे होऊन गेलं, मोकळं."

आम्ही एक माजीही केला.

लावायचं काम मंगळवारी भर दुपारी उरकलं. हातात शिडी आणि खांद्यावर दोरी असली की आमच्याकडे माणसाला कुणी काही विचारत नाही. एका काकांनी शिडी धरली आणि फक्त एवढंच विचारलं, "माझा कुठल्या खांबावर?" संध्याकाळी मी स्टेशनपासून शिवमंदिरापर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंनी भावी विजेते माझ्याकडे बघून हसत होते, सगळ्यांच्या मागे बर्फाचे डोंगर. मधेच ताई, पुन्हा जागेवर लावलेली, गर्दीत जेमतेम दिसणारी. आधी दहा फूट वाटली होती, आता ती कुणीच नव्हती. तेच हवं होतं.

बुधवारी पाहुणे आले. आमची तयारी उंच, सोनेरी केसांच्या आणि मराठी न वाचणाऱ्या माणसासाठी होती.

"नमस्कार, मी किर्ती," स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या सलवार-कमीजमधल्या बाई म्हणाल्या. "डोंबिवलीची."

डोंबिवलीची बाई म्हणजे फ्लेक्स वाचतच लहानाची मोठी झालेली. ती काही डोंगर बघून भुलणार नव्हती.

किर्तीमॅडमनी पहिला फ्लेक्स वाचला. दुसरा वाचला. मोबाईलवर फोटो काढले. "नगरसेवकांचं भावी माहितीये मला," त्या म्हणाल्या. "नोबेलचं पहिल्यांदा बघतेय."

"अंबरनाथचं शिक्षणाकडे जास्त लक्ष आहे," मी म्हटलं.

शंकरराव त्यांच्या फ्लेक्सखालीच उभे होते, त्याच कोटात, भर उन्हात. फोटो आणि माणूस ताडून बघता यावा म्हणून असावं.

"काका, तुम्हाला खरंच वाटतं मिळेल?" किर्तीमॅडमनी विचारलं.

"मिळायचं काय त्यात," शंकरराव म्हणाले. "त्यांचं ठरलेलंच आहे. कळवायचं राहिलंय फक्त. पोस्टाचं काय चाललंय तुम्ही बघताच. त्यावरही मी लिहिलंय."

गयाबाईने त्यांना केमिस्ट्री विचारू दिली नाही. "तुझ्या घरच्या लोणच्याला बुरशी लागते का? लागते ना? मग बस!" किर्तीमॅडम बसल्या नाहीत, पण पुढच्या खांबाकडे जरा भराभर गेल्या. तिथे नेमका तो गृहस्थ होता.

"हे माजी कसे?"

"राजीनामा दिला त्यांनी," मी म्हटलं.

"नोबेलचा?"

"तब्येतीमुळे."

किर्तीमॅडमनी माजींचाही फोटो काढला. मग म्हणाल्या, "मला शलाका निकमांच्या वडिलांना भेटायचंय. फोटो त्यांनी पाठवला ना."

हीच भीती होती. खांबांना बोलता येत नाही. बाबांना येतं.

घरी आईने पोहे केले होते. ताई खिडकीशी उभी होती, हाताची घडी घालून. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते असे बसले होते, जशी माणसं पासपोर्ट फोटोला बसतात. मी त्यांना सकाळपासून एकच गोष्ट सांगत होतो. नाही म्हणायचं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचं अभिनंदन केलं, त्याने आपल्या पोरीचं नाही म्हणायचं.

किर्तीमॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "काका, मुलीला हे पारितोषिक मिळतंय असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

आई देवघराकडे बघत होती. ताई खिडकीबाहेर.

"कुणी नाही," बाबा म्हणाले. आवाज त्यांचा वाटला नाही.

"मग नेमकं लिंडेगार्डच कसं लिहिलंत?"

"ती सारखी तिथलं काहीतरी वाचत असते. म्हटलं, असेल काही. बाकीच्यांचं नोबेल लिहिलंय, हिचं म्हटलं जरा लहानच लिहावं. झेपायला पाहिजे ना."

"म्हणजे मिळेल असं वाटतं तुम्हाला?"

"हिला?" बाबा हसले. फार वाईट हसले, पण किर्तीमॅडम त्यांना ओळखत नव्हत्या. "हिला कोण देतंय? भूमितीत नापास होता होता वाचली. सायकल शिकायला दोन उन्हाळे घेतले. अजून पोळी गोल येत नाही. दिवसभर नाल्याकाठी बाटली बुडवून बसते. लोक मला विचारतात, निकम, पोरीचं काही हरवलंय का त्यात?"

"बाबा, पुरे," ताई म्हणाली.

पण एकदा सुरू झाल्यावर बाबांना थांबता येत नाही, मग ते कौतुक असो की हे. "आणि तो जिवाणू हिने शोधला म्हणतात. शोधला म्हणजे काय? तो तिथे होताच की! मी रोज त्या पुलावरून कामाला जायचो. मला वेळ नव्हता म्हणून, नाहीतर मीच शोधला असता."

"अहो!" आई ओरडली. "पाहुण्यांसमोर काय पोरीची अब्रू काढताय?"

मला वाटलं, संपलं. स्वतःच्या पोरीबद्दल इतकं वाईट कुणी खरंच बोलत नाही.

किर्तीमॅडमनी पोह्यांची बशी उचलली. "माझे बाबाही सगळ्यांसमोर असंच बोलतात," त्या म्हणाल्या. "आणि मला काहीच मिळालेलं नाहीये. यांना काही माहीत नाही. माहीत असतं तर असं बोलवलंच नसतं."

तिथूनच त्यांनी इंगेबोर्गताईंना फोन लावला. पद्धत खरी आहे म्हणाल्या. मोठ्या प्रमाणावर आहे. राजीनाम्याचीही सोय आहे. शुभेच्छुकांमध्ये नाव असणं हा इथे सन्मान समजतात, तर आपण तक्रार करू नये.

बाबा उठून गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालायला लागले. आमच्या गॅलरीत कुंड्या नाहीत. खाली पार्किंगमधून कुणीतरी ओरडलं.

थोड्या वेळाने ताई गॅलरीत जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"माझी पोळी गोल येत नाही?"

"येते," बाबा म्हणाले. तांब्या रिकामा होता, तरी त्यांनी तो तिरका धरला होता.

"आणि भूमिती?"

"चांगली होती गं तुझी भूमिती."

दोघं कुजबुजतच बोलत होते. किर्तीमॅडमना स्टेशनवर सोडायला मी गेलो. रिक्षातून उतरताना त्या म्हणाल्या, "एक विचारू का? डोंबिवलीला एक लागेल? माझ्या बाबांचा. काहीही लिहा. भावी काहीही. सकाळी फिरायला जातात, त्या रस्त्यावर."

धर्मेशभाईंनी तो स्वतः केला.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही सगळे मोबाईलसमोर बसलो. बाबांनी तोंडावर खरोखरच हात ठेवला होता, सकाळपासून. कोपनहेगनच्या सभागृहात इंगेबोर्गताई उभ्या राहिल्या, फ्लेक्सवरचं हसू बाजूला ठेवून, गंभीर, आणि त्यांनी ताईचं पूर्ण नाव घेतलं. अंबरनाथचा उच्चार त्यांना जमला नाही, पण प्रयत्न दिसत होता. बाबांनी तोंडावरचा हात काढला, धावत गॅलरीत गेले आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असं ओरडले, "माझ्या मुलीला लिंडेगार्ड मिळालं!"

समोरच्या बिल्डिंगमधून आवाज आला, "हो, वाचलं आम्ही नाक्यावर!"

कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. बाबांनी परत परत सांगून पाहिलं. डेन्मार्कचं, म्हणाले. खरंखुरं, म्हणाले. लोक म्हणाले, चांगलं झालं, अभिनंदन, आणि लगेच जिना चढायला लागले. ताईला भेटायला नव्हे, ताईला विचारायला. ज्यांचे ज्यांचे फ्लेक्स होते ते सगळे आले, आमच्या वन बीएचकेत मावले तेवढे, बाकीचे जिन्यात.

शंकररावांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं, सुरुवात झाली. आता एकेक लागत जातील. मला सांग, फोन साधारण किती वाजता येतो?"

"दुपारी आला होता मला."

"दुपारी मी झोपतो," शंकरराव चिंतेत पडले. "उद्यापासून नाही झोपणार."

"आमच्या गावात, जांबलात, रेंज नाय," बुधाजी जिन्यातून म्हणाले. "टाकीवर चढून बसू का मी?"

"नंबर कसा असतो? लांबलचक?" बबनरावांनी विचारलं. "मी अनोळखी नंबर कटच करतो ना. आधीच येऊन गेला असेल तर?"

प्रत्येकाने आपापला मोबाईल काढून मिस्ड कॉल तपासायला सुरुवात केली. ताईने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती खरं सांगेल. ती शास्त्रज्ञ आहे.

"फोन चार्ज ठेवा," ती म्हणाली. "आणि कुणाचाही आला तरी उचला. जाहीर होईपर्यंत मात्र कुणाला सांगायचं नाही."

तेव्हापासून अंबरनाथ पूर्वेत अनोळखी नंबर कुणी कट करत नाही. क्रेडिट कार्डवाले, प्लॉटवाले, विमावाले, सगळ्यांना पहिल्या रिंगला माणूस मिळतो, तोही खाकरून, आवाज लावून बोलणारा. सोमवारी मी भाजी घेत असताना गयाबाईचा फोन वाजला. तिने हात वर केला. कोथिंबीरवाल्यासकट सगळा बाजार थांबला.

"मॅडम, अभिनंदन," पलीकडून एक मुलगी स्पीकरवर म्हणाली. "पर्सनल लोनसाठी आपली निवड झाली आहे."

गयाबाईने स्पीकर बंद केला, फोन पदराखाली घेतला आणि तिला कुणी कधी ऐकलं नव्हतं इतक्या बारीक आवाजात म्हणाली, "जाहीर कवा करताय ताई? तवर माझ्या तोंडून एक शब्द जाणार नाय."